व्हर्ला ब्रेके आणि दर पाचवा माणूस

एल्क फोर्क हे विस्कॉन्सिनच्या पश्चिम टोकाचं गाव. मतदानाच्या दिवशी तिथल्या अग्निशमन केंद्रातले दोन्ही बंब बाहेर काढून ठेवायचे आणि आत आडोसे लावून मतदान चालायचं. त्या बंबांच्या आड, वारा लागणार नाही अशा बेताने व्हर्ला ब्रेके उभी राहायची. अंगात नवऱ्याचा शिकारीचा नारिंगी कोट, डोक्याला कानटोपी, हातात फळी आणि फळीला दोरीने बांधलेली पेन्सिल. मत देऊन बाहेर पडणारी माणसं ती ओठातल्या ओठात मोजायची. पाचवं माणूस आलं की पुढे व्हायची.

"दोन मिनिटं द्याल का? नाव लिहायचं नाही. मत कोणाला दिलं, शिक्षण किती, घरात वर्षाला उत्पन्न किती, एवढ्यावर खुणा करायच्या आणि कागद घडी घालून या डब्यात टाकायचा."

हे एक्झिट पोलचं काम. संध्याकाळी टीव्हीवर जे आकडे नाचतात, त्यांतले मूठभर दाणे व्हर्लाच्या डब्यातून जायचे.

हे काम तिच्याकडे आपणहून चालत आलं. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढून ती निवृत्त झाली आणि २००४ सालच्या निवडणुकीआधी एका सर्वेक्षण कंपनीचा फोन आला. पलीकडच्या बाईने विचारलं, "दिवसभर उभं राहता येईल का? आणि पाचपर्यंत न चुकता मोजता येईल का?"

व्हर्ला म्हणाली, "बाई, एकतीस वर्षं मी तेच केलंय. फक्त हातात पळी होती."

पाचवा म्हणजे पाचवा, हा नियम तिने देवाच्या आज्ञेसारखा पाळला. चौथी तिची जिवाभावाची मैत्रीण असली आणि पाचवा गावातला सगळ्यात खडूस म्हातारा असला, तरी ती म्हाताऱ्याकडेच जायची. त्या पहिल्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पाचवा निघाला तिचाच नवरा, डेल्मर. डेल्मर दुधाचा टँकर चालवायचा; गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करून चीजच्या कारखान्यात पोचवायचा. टँकर रस्त्याकडेला चालूच ठेवून तो मत द्यायला आला होता.

"दोन मिनिटं द्याल का?" व्हर्लाने विचारलं.

डेल्मरने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "कोण, मी?"

"तूच. पाचवा आहेस."

"अगं, एकोणचाळीस वर्षं संसार केला, मत कोणाला देतो ते कधी विचारलं नाहीस. आज कागद घेऊन उभी राहिलीस?"

"मी कुठे विचारतेय? कंपनी विचारतेय."

"मग कंपनीला सांग, बायकोला कळेल याची भीती वाटते."

आणि तो हसत टँकरकडे निघून गेला. नकार देणाऱ्याचं वय अंदाजाने लिहायचं असतं. सूड म्हणून पंचाहत्तर लिहावं असा व्हर्लाला मोह झाला, पण तिने साठ लिहिलं. आकड्यांच्या बाबतीत ती खोटेपणा सहन करायची नाही, मग भले नवरा का असेना.

दिवसातून तीन वेळा तिला डबा उघडून कागदांवरच्या खुणा फोनवरून कंपनीला सांगाव्या लागत. नावं नसायचीच, नुसत्या चौकटी. शिक्षणाच्या पाच, उत्पन्नाच्या सात. वाचून दाखवता दाखवता तिला त्यात गोडी लागली. शिक्षणाची पहिली चौकट होती "शाळा पूर्ण केलेली नाही." तिथे खूण आली की व्हर्लाचा आवाज आपोआप थोडा खाली यायचा, कारण ती चौकट तिची स्वतःची होती. अकरावीत असताना आईला पक्षाघात झाला. घरात चाळीस गाई, तीन लहान भावंडं. एप्रिलमध्ये व्हर्ला शाळेत जायची थांबली ती कायमचीच. पुढे तीन दशकं ती त्याच शाळेत रोज सकाळी सहाला जायची, पण मागच्या दाराने.

२००८ च्या शरदात तिच्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बहीण मिसिसिपीत राहायची. व्हर्ला दोन महिने तिकडे गेली. कंपनीला हे कळलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, तिथेही उभ्या राहाल का? तिथला उकाडा नोव्हेंबरमध्येही अंगाला चिकटत होता. नारिंगी कोट घरीच राहिला. पण त्या दिवशीच्या कागदांनी तिला चकित केलं. उत्पन्नाच्या वरच्या चौकटीतले जवळपास सगळे रिपब्लिकन, खालच्या चौकटीतले जवळपास सगळे डेमोक्रॅट. कोणी सुरीने भाकरी कापावी तशी वाटणी. रांगेत बघितलं तर कारणही उभंच होतं: वरच्या चौकटीतले बहुतेक गोरे, खालच्या चौकटीतले बहुतेक काळे. पैशाची रेघ आणि वर्णाची रेघ तिथे एकावर एक पडली होती.

चार वर्षांनी नात झाली म्हणून ती मुलीकडे कनेक्टिकटला गेली, तर कंपनी तिथेही हजर. मुलीच्या गावात घरं अशी की एकेका गॅरेजमध्ये व्हर्लाचं सगळं घर मावावं. व्हर्लाने मनाशी ठरवून टाकलं होतं की आज मिसिसिपीचंच चित्र दिसणार. दुपारी डबा उघडला, खुणा वाचल्या, आणि ती मध्येच थांबली. वरच्या चौकटीतले लोक किंचित जास्त रिपब्लिकन, पण किंचितच. बंगल्यातली बाई आणि त्या बंगल्यात साफसफाई करणारी बाई जवळपास सारख्याच खुणा करत होत्या.

फोनवरची मुलगी म्हणाली, "हॅलो? मॅडम, लाइन कटली का?"

"नाही गं," व्हर्ला म्हणाली. "लाइन ठीक आहे. मी जरा विचार करत होते."

परतल्यावर तिने हे डेल्मरला सांगितलं. डेल्मरने लेफ्सेवर लोणी फासता फासता ऐकून घेतलं. लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. ती समोर असली की डेल्मर कोणाचंही सगळं ऐकून घ्यायचा. शेवटी म्हणाला, "म्हणजे माणूस श्रीमंत आहे हे कळून भागत नाही. कुठला श्रीमंत ते विचारायचं."

"हेच तर मी अर्धा तास सांगतेय."

"मी चार शब्दांत सांगितलं."

२०१६ साली ती पुन्हा आपल्या बंबाआड उभी होती. वय एकाहत्तर, पण पाचपर्यंतची मोजणी पक्की. दुपारी पाचवा निघाला डर्क विझनेस्की. डर्कचा छपरं घालायचा धंदा होता, हाताखाली नऊ माणसं, दारात मोटरबोट. लहानपणी शाळेत तिने ताटात वाढलेले वाटाणे तो खिशात लपवायचा, आणि हे तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

त्याने कागद हातात घेतला, वाचला आणि परत केला. "मिसेस ब्रेके, हे शिक्षणाचं कशाला विचारता तुम्ही?"

"सगळ्यांना विचारतात रे."

"विचारतात आणि मग टीव्हीवर सांगतात, 'न शिकलेल्यांनी असं असं केलं.' जसं काही आम्हाला गोवर आलाय. मी दोन वर्षं शिकाऊ म्हणून राबलो, परवान्याची परीक्षा दिली. त्याची चौकट कुठाय यात?"

व्हर्लाने कागद पाहिला. खरंच नव्हती. "नाहीये," ती म्हणाली. "तुझं म्हणणं बरोबर आहे. पण तू भरला नाहीस तर तुझ्याऐवजी कोण बोलणार? तो सहावा? तो तर शेजारच्या गावातून येऊन इथे भाड्याने राहतोय."

डर्क हसला आणि बंबाच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने खुणा केल्या.

त्या दिवशी तिचा डबा काही वेगळंच बोलत होता. बारा वर्षांपूर्वी याच गावात उत्पन्नाची चौकट बघितली की मताचा थोडाफार अंदाज यायचा. यंदा ती चौकट मुकी होती, आणि शिक्षणाची चौकट घसा फोडून ओरडत होती. पदवी नसलेले एकीकडे, पदवीवाले दुसरीकडे. शिवाय शिक्षण वर गेलं की उत्पन्न वर जातं, हेही इथे जुळत नव्हतं. दोन पदव्या असलेल्या, शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई गंजलेल्या गाडीतून यायच्या आणि एकही पदवी नसलेला डर्क तळ्यावर बोट फिरवायचा.

पुढच्या फेब्रुवारीत गावच्या वाचनालयात एक व्याख्यान झालं. मॅडिसनहून गॅरेट फेनिमोर नावाचे तरुण प्राध्यापक आले होते. बाहेर गुडघाभर बर्फ, करमणूक दुसरी नाही, त्यामुळे साठेक माणसं जमली. फेनिमोरनी भिंतीवर देशाचा नकाशा टाकला. डेमोक्रॅटांकडे गेलेली राज्यं निळी, रिपब्लिकनांकडे गेलेली लाल. "बघा," ते म्हणाले, "जिथे शिक्षण आणि उत्पन्न जास्त, ती राज्यं बहुतेक निळी. जिथे कमी, ती बहुतेक लाल."

मागच्या रांगेतून डर्क उठला. "म्हणजे गरीब आणि अडाणी माणसं लाल, असंच ना?"

"तसं मी म्हटलं नाही."

"नकाशा म्हणतोय. मग माझं काय? मी गरीब नाही, आणि अडाणी आहे का ते माझ्या गिऱ्हाइकांना विचारा."

खुर्च्या करकरल्या. दोघे-तिघे "बरोबर आहे" म्हणाले, संगीताच्या बाई "त्यांना बोलू तरी द्या" म्हणाल्या, तर कोणीतरी त्यांनाच गप्प बसायला सांगितलं. गेल्या निवडणुकीपासून गावात ही अशीच खदखद होती. दोन चुलतभावांनी नाताळचं जेवण वेगवेगळं केलं होतं. फेनिमोरांचा चेहरा उतरला.

व्हर्ला चर्चच्या स्वयंपाकाच्या कमिटीतसुद्धा कधी उठून बोलली नव्हती. पण तिच्या डोक्यात बारा वर्षांचं साठलं होतं, आणि ती उभी राहून गेल्यावरच तिला कळलं की आपण उभ्या आहोत.

"मला चॉकलेट दुधाबद्दल बोलायचंय," ती म्हणाली.

सगळे वळले. डेल्मरने डोळे मिटून घेतले.

"आपल्या शाळेत तर मी वाढलंच, पण तिथे माणूस कमी पडलं की पाइन लेकच्या शाळेतही जेवण वाढलंय. पाइन लेक श्रीमंत, तळ्याकाठचे बंगलेवाले. तिथे दर मुलामागे चॉकलेट दूध आपल्यापेक्षा जास्त खपायचं. वहीत बघणारा म्हणेल, श्रीमंत पोरांना चॉकलेट दूध आवडतं. पण वाढायला मी होते! दोन्ही शाळांत चॉकलेट दूध जास्त प्यायची ती गरिबाघरची पोरं. श्रीमंतांची घरून बाटली आणायची. फरक एवढाच की पाइन लेकला फ्रीज अगदी वाढपाच्या जागेशेजारी होता, त्यामुळे तिथली सगळीच पोरं, श्रीमंत काय नि गरीब काय, आपल्या पोरांपेक्षा जास्त प्यायची. घराचा गुण वेगळा, जागेचा गुण वेगळा. वही दोघांची बेरीज करते आणि सांगत नाही."

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भाताच्या पातेल्यावरून एकेका शिताची होत नाही, हे तिने दुधावरून सांगितलं, आणि ते साठच्या साठ माणसांना कळलं. मग ती मिसिसिपीबद्दल बोलली, कनेक्टिकटबद्दल बोलली. "निळ्या श्रीमंत राज्यातही पैसेवाला शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्त लाल होता, आणि लाल गरीब राज्यात गरीब निळा. मी उभी होते तेव्हा तरी असं होतं. आता पैशाचा रकाना मागे पडलाय आणि शिक्षणाचा पुढे आलाय. पण डर्क रकाना नाहीये. आणि संगीताच्या बाईही नाहीत."

मग फेनिमोर नकाशासमोरून बाजूला झाले. "मॅडम, मी अर्धंच वाक्य बोललो होतो," ते म्हणाले. "उरलेलं तुम्ही बोललात. तुम्ही तीन ठिकाणी उभ्या राहिलात, मी पन्नास राज्यांचे आकडे चाळलेत. तेच निघतं. सुरुवात मी नकाशापासून करायला नको होती."

"दुधापासून करायची," डर्क म्हणाला, आणि हशा पिकला.

कॉफीच्या वेळी फेनिमोर तिच्याशेजारी येऊन बसले. "तुम्ही संख्याशास्त्र कुठे शिकलात?"

"कुठेच नाही."

"म्हणजे पदवी कशात?"

व्हर्लाने कपात साखर ढवळली, खरं तर ती साखर घेत नसे. "अकरावी," ती म्हणाली. "तीही पुरती नाही."

फेनिमोर ओशाळतील, विषय बदलतील असं तिला वाटलं. त्यांनी खिशातून डायरी काढली. "एप्रिलमध्ये माझ्या वर्गावर याल का? हे दुधाचं तसंच्या तसं सांगायचं."

ती गेली. डेल्मरने तिला टँकरमधूनच सोडायचा आग्रह धरला होता, पण ते तिने चालू दिलं नाही. वर्गात चाळीस पोरंपोरी. तिने बरोबर ताज्या चीजच्या पिशव्या नेल्या होत्या. दाताखाली चर्र वाजणारं ते चीज खात खात पोरांनी ऐकलं. सगळं झाल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही स्वतः कोणत्या चौकटीत येता?"

"शिक्षणाच्या? सगळ्यात वरच्या. म्हणजे कागदावर वरच्या, तुमच्या हिशेबाने खालच्या."

कोणी हसलं नाही. ती मुलगी म्हणाली, "मग पुढची का नाही करत? राहिलेली शाळा पूर्ण केल्याच्या दाखल्याची परीक्षा देता येते की, कुठल्याही वयात."

डेल्मर तिला गाडीने परत घेऊन निघाला. घराजवळ आल्यावर व्हर्ला म्हणाली, "डेल्मर, मी परीक्षा देतेय."

"कशाला? कोणाला दाखवायचंय?"

"कोणाला नाही. एप्रिलमध्ये सुटलेलं आहे, मेपर्यंत करून टाकते."

"कुठला एप्रिल?"

"बासष्टचा."

डेल्मरने गाडी अंगणात लावली आणि किल्ली फिरवून बंद केली. मग आत जाऊन स्वयंपाकघराच्या टेबलावरच्या त्याच्या सगळ्या वस्तू, रेडिओ, बियाणांची पत्रकं, एक उघडलेला कार्ब्युरेटर, उचलून तळघरात नेल्या. टेबल रिकामं केलं.

ते मेपर्यंत काही झालं नाही, पुरतं वर्ष गेलं. गणितात तिने असे गुण मिळवले की परीक्षा केंद्रातल्या बाईंनी दोनदा तपासून पाहिलं. विज्ञान निघालं, भाषा निघाली. नापास झाली ती सामाजिक शास्त्रात! दोन गुण कमी. तिथे मतदार आणि उत्पन्न यांचा एक आलेख आला होता आणि व्हर्ला त्यात एवढी रमली की त्याच्यात काय काय सांगता येत नाही ते कच्च्या कागदावर लिहीत बसली, आणि शेवटचे सात प्रश्न राहून गेले.

डेल्मर आठवडाभर हसत होता. टँकर घेऊन ज्या ज्या गोठ्यावर जायचा तिथे सांगायचा, "आमच्या बाईंनी प्रोफेसरला शिकवलं आणि स्वतः त्याच विषयात उडाल्या!" त्यामुळे सगळ्या पंचक्रोशीला कळलं. पण त्याचा एक फायदा झाला. संगीताच्या बाई दर मंगळवारी राज्यघटनेची उजळणी घ्यायला येऊ लागल्या. आणि एके दिवशी डर्क दारात आला, हातात स्वयंपाकघरात लावायचं मोठं घड्याळ.

"हे समोर टांगा, मिसेस ब्रेके. छपराच्या परवान्याच्या परीक्षेत मी पण पहिल्यांदा वेळेतच मार खाल्ला होता. एका प्रश्नाला दीड मिनिट. अडला की सोडायचा, पुढे जायचं."

"आणि तो प्रश्नच चुकीचा असला तर?"

"तर घरी येऊन डेल्मरशी भांडायचं."

मंगळवारी एकदा डर्क आणि संगीताच्या बाई एकाच वेळी आले. गेल्या निवडणुकीपासून त्यांचं बोलणं नव्हतं. व्हर्लाने दोघांना एकाच बाजूला बसवलं आणि स्वतःला प्रश्न विचारायला लावलं. सिनेटर किती, न्यायाधीश कोण नेमतं, असं चाललं होतं. एका उत्तरावरून त्या दोघांचीच जुंपली. दोघेही चुकले होते, आणि बरोबर होती व्हर्ला. पुस्तक उघडून बघितल्यावर दोघे जे हसले, त्यानंतर निदान रस्त्यात दिसल्यावर मान हलवू लागले. मतं दोघांची जिथली तिथेच राहिली.

त्र्याहत्तराव्या वर्षी, २०१८ च्या वसंतात, व्हर्ला पास झाली. चर्चच्या तळघरात मेजवानी झाली. ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश, हॅम, चार प्रकारचे केक, आणि स्वयंपाकघरात व्हर्लाला पाऊल टाकायला बंदी. फेनिमोर मॅडिसनहून आले आणि त्यांना सगळ्यांनी चॉकलेट दूध पाजलं. अ‍ॅकॉर्डियनवर पोल्का सुरू झाला तसा डेल्मर उठला. बूट घासत, गुडघ्यांना शिव्या देत त्याने बायकोला मध्यभागी नेलं.

"बारावी पास बाई," तो म्हणाला, "या साध्या ड्रायव्हरबरोबर नाचाल का?"

"तू किती शिकलायस?"

"मी बारावी पास आहे. छप्पन्न वर्षं तुझ्यापुढे होतो, पण कधी बोललो नाही."

"एवढं एकच वाक्य कधी बोलला नाहीस," व्हर्ला म्हणाली, आणि दोघे नाचू लागले. दोन फेऱ्यांनंतर धाप लागली तेव्हा भिंतीकडेच्या खुर्च्यांवर जाऊन बसले आणि तिथून केक किती उरलाय ते बघत राहिले.

आता दर गुरुवारी दुपारी ती वाचनालयात बसते. चीजच्या कारखान्यातल्या तीन बायका त्याच परीक्षेची तयारी करायला येतात. गणित ती स्वतः घेते. सामाजिक शास्त्रासाठी डर्कचं घड्याळ समोर ठेवते.